अव्वाचे सोमवार

सोमवार, ३ फेब्रुवारी

टोचलं एकदाचं! अव्वाच्या मांडीत, माझ्या हाताने. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काय काय हाताळलं, पण आईच्या मांडीत सुई घालायची म्हणून सूचनांचा कागद तीनदा वाचला. तिने डोळे मिटून "शिवा, शिवा" सुरू केलं होतं. सुई काढून कापूस लावला तरी म्हणते, "टोच की आता!"

दर सोमवारी एक इंजेक्शन. वार तिनेच निवडला. डॉक्टर अनुजा म्हणाल्या, "कुठलाबी वार चालतोय अव्वा, आठवड्याला एक झालं म्हणजे झालं." अव्वा म्हणाली, "मग सोमवारच. देवाचं आणि हाताचं एकदमच."

तिचा हात. सगळं त्या डाव्या हातासाठी चाललंय. संधिवाताने बोटं अशी आखडलीत की तळहात सपाट होत नाही, आणि तळहात सपाट नाही तर पूजेला गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं कुठे? गडहिंग्लजला असताना एकदा पूजेत लिंग घरंगळून मांडीवर आलं. जमिनीला लागलं नाही, तरी ही दोन दिवस जेवली नाही. वीरेशने – माझा धाकटा भाऊ, तिथे मिरचीचं दुकान बघतो – तिला गाडीत घालून माझ्याकडे कोल्हापूरला आणून सोडलं. तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्या तळहाताखाली माझा तळहात लावते. ती पूजा करते, मी आधार. मला स्वतःची पूजा उरकायची सवय. तिच्यासोबत मात्र बसावं लागतं. बसते. बरं वाटतं, खरं सांगायचं तर.

"शिवरात्रीला तुझा हात नको," म्हणाली. "माझा मी धरतो."

डॉक्टर म्हणाल्या होत्या, कुणाला लवकर गुण येतो, कुणाला तीन महिने लागतात. घरात अजून कुणाला आहे का, हेही विचारलं. अव्वाने तिच्या आईच्या वाकड्या बोटांचं सांगितलं. मला आठवतात ती बोटं. दाण्याचा लाडू वळून द्यायची त्यांनीच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

अव्वाला औषध समजावलं. म्हटलं, सूज आणणारा एक निरोप्या असतो. तो पेशीच्या दारात जातो, दारातला रिसेप्टर त्याचा हात धरतो आणि आत सूज सुरू. या इंजेक्शनात तोच रिसेप्टर आहे – पण सुटा. दार नाही, घर नाही, नुसता धरणारा हात. रक्तात फिरत राहतो, निरोप्याला वाटेतच धरतो.

अव्वाने क्षणभर विचार केला आणि खो खो हसली. "अगं, हे तुझं आजोबा करायचं की! बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर माणूस उभा करायचं. मिरचीचं पोतं घेऊन उतरलेला पावणा समोरच्या दुकानात पोचायच्या आतच आपल्या माणसानं धरायचा!"

आता पुढच्या वर्षी वर्गात हेच सांगणार.

मग तिने विचारलं, "पण करत्यात कशापासनं?"

"कारखान्यात," मी म्हणाले. "मोठ्या टाक्यांत पेशी वाढवतात. त्या हे बनवतात."

"कसल्या पेशी?"

"प्रयोगशाळेतल्या."

खोटं नाही. खरंही नाही. तेव्हापासून हे वाक्य दातात अडकलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात आज तोच धडा. "हे प्रथिन चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींत तयार करतात" – दरवर्षी म्हणते, मुलं लिहून घेतात. आज निम्म्यात थांबले. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, बरं न्हाई का?"

हॅमस्टर म्हणजे उंदराचाच भाऊबंद. आणि अव्वा! वीरेशच्या मुलाच्या, शिवांशच्या वाढदिवसाला केकमध्ये अंडं नाही म्हणून बेकरीवाल्याला देवाची शपथ घ्यायला लावलेली बाई. कॅप्सूलचं कवच हाडांपासून करतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून कॅप्सूल उघडून आतली कडू पूड मधातून खाते.

सिरिंजमध्ये पेशी नसतात, हे मला माहीत आहे. गाळून गाळून नुसतं प्रथिन ठेवतात, आणि त्याचा साचाही माणसाचाच. पण अव्वा विचारणार ते हे नाही. ती विचारणार – कुणापासनं?

सांगितलं तर ती सोडेल. नाही सांगितलं तर मी कोण ठरवणारी?

सोमवार, १० फेब्रुवारी

दुसरं झालं. इंजेक्शनचं खोकं तिने फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात, लोण्याशेजारी, स्वतंत्र ठेवलंय. शिळ्या भाताजवळ नको म्हणाली. खोक्यावर विभूतीची तीन बोटं ओढलीत. मी फ्रीजचं दार लावलं आणि तशीच उभी राहिले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र.

सकाळी सवयीने हात पुढे केला. अव्वाने नुसती मान हलवली. डावा हात वर आणला, बोटं हळूहळू उघडली – पूर्ण नाही, करंगळी अजून वाकडीच – उजव्या हाताने लिंग ठेवलं. धरलं! ती त्याच्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. माझा हात उगाच हवेत राहिला होता, तो मांडीवर ठेवला.

नंतर माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या शिक्षणानं माझा देव परत हातात दिला गं."

बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानेच. निदान निम्मं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

वीरेशला फोनवर सगळं सांगितलं. तो – "उंदीर? खरंच?" मग हसायला लागला. मग ओरडला. "गप्प बस की अक्का! चांगलं चाललंय ते बघवंना व्हय तुला? कशाला तिच्या डोक्यात किडा सोडतीयास?"

बरोबर असेल त्याचं. तिला सांगायचंय ते तिच्यासाठी की मला हलकं वाटावं म्हणून? दिवसभर हेच. उत्तर आलं ते आवडलं नाही – दोन्हीसाठी. पण शरीर तिचं, व्रत तिचं, देवही तिच्याच हातात. मग माहिती तेवढी माझ्याकडे का?

रविवार, ९ मार्च

सांगितलं.

दुपारी ती शेंगा सोलत होती – स्वतःच्या बोटांनी, म्हणून तर जीभ उचलत नव्हती. एका दमात सांगून टाकलं. हॅमस्टर, त्याच्या पेशी, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी एका मादीतून काढल्या, त्या आजवर वाढतायत, त्यांच्याकडून हे औषध.

शेंगा थांबल्या.

"उंदीर."

"उंदरासारखा."

"मारली तिला?"

"नक्की माहीत नाही. बहुधा मारली असेल."

पाटीतली टरफलं तिने एका बाजूला सारली. मला वाटलं आता शिवा शिवा करेल, अंघोळीला जाईल. तिने मान वर केली आणि म्हणाली, "उंदराचं नंतर बघू. तुला हे कधीपासनं म्हाईत हाय?"

"पहिल्यापासून."

"किती सोमवार झालं, विद्या?"

"पाच."

"पाच सोमवार." उठली. "शिवरात्रीला पण."

सोमवार, १० मार्च

इंजेक्शन फ्रीजमध्येच. माझ्याशी बोलते – जेवलीस का, दार लाव, एवढंच. यापेक्षा ओरडली असती तर बरं.

सोमवार, १७ मार्च

दुसरा सोमवार रिकामा गेला. सकाळी बोटांचे सांधे टपोरे दिसले. चहाचा कप दोन हातांनी धरला तिने. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, पण दुसऱ्या औषधाचंही बघू, तिला घेऊन या. वीरेशचा फोन – "शिकलीस जास्त, दुसरं काय!" ठेवूनही दिला.

पूजेत हात उघडला नाही. मी घाबरत माझा तळहात पुढे केला. तिने वरती स्वतःचा ठेवला. किती हलका झालाय तो हात.

चुकलं का माझं? सांगण्यात नाही. उशिरा सांगण्यात – हो.

गुरुवार, २० मार्च

आज भाजी निवडताना एकदम, "ती पेशी जित्ती हाय?"

"हो."

"तिला दुखतंय?"

"दुखायला नसा लागतात. तिला त्या नाहीत."

"म्हंजे न्हाई?"

"मला वाटतं नाही."

"वाटतंय म्हण. नक्की म्हणू नकोस." कोथिंबिरीची काडी माझ्याकडे रोखून. "औषध काढल्यावर तिचं काय करत्यात?"

"टाकून देतात."

"हं."

मग जुडी बाजूला ठेवून, "नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"जिच्यातनं काढल्या तिचं!"

"नाव नसतं गं अव्वा, प्रयोगातल्या प्राण्याला."

"एवढ्या जगाची बोटं सरळ करतीया आणि नाव न्हाई?" असं काही बघितलं तिने माझ्याकडे, जणू बारसं करायचं मीच विसरले होते.

सोमवार, २४ मार्च

अंघोळ करून आली आणि म्हणाली, "काढ बाहेर. गार टोचू नकोस."

मी खोकं काढून ओट्यावर ठेवलं.

"ती गेली तवा मला कुणी इचारलं न्हाई. आता मी न्हाई घेतलं म्हणून ती परत येणार हाय व्हय? पण फुकट घ्यायचं न्हाई. सिंकखालचा तो पिंजरा आणि ते उंदरं मारायचं निळं औषध – आजच्या आज बाहेर."

"अव्वा, उंदीर झालेत घरात!"

"असू देत. तिचं पावणं हायत."

मग सिरिंजला विभूती लावून हात जोडले. "उंदरव्वा, राग धरू नकोस बाई." कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आईच की! मला हसू आलं, तिलाही आलं. हसता हसताच टोचलं.

कापूस लावताना तिने माझं मनगट धरलं. "यापुढं मला म्हाईत हाय ते तुला, तुला म्हाईत हाय ते मला. कबूल?"

"कबूल."

"टोचलंस की न्हाई अजून?"

आली परत माझी अव्वा!

शनिवार, ५ एप्रिल

पाहुण्यांची भीड चेपली आहे. गॅसच्या सिलिंडरमागे अव्वा चार दाणे जोंधळ्याचे ठेवते, ते खाऊन आज एकाने माझ्या कपाटातली सत्राच्या नोट्सची फाइल कुरतडली. अव्वाला दाखवली. म्हणाली, "नीट ठेवायची. शिकलेली पोरगी तू."

पेपर तपासणी सुरू. पेन धरून मधलं बोट ठणकतंय. शंभर गठ्ठे तपासले असावेत असं.

बुधवार, ३० एप्रिल

बसव जयंती. अव्वाने होळग्या लाटल्या! स्वतः! पुरण भरून, कडा दाबून, पातळ. मला लाटणं धरू दिलं नाही – "तुझी जाड हुतीया." वीरेश शिवांशला घेऊन आला होता. आठ खाऊन झाल्यावर, बोटं चाटत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस म्हणायचं." याला माफी म्हणतात आमच्या घरात.

शिवांशने सगळ्या सोसायटीत सांगून ठेवलंय की आमच्या आजीला उंदराची ताकद आहे.

सोमवार, २ जून

लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडेना. अव्वाने हातातून घेतली आणि एका झटक्यात उघडली. जिंकल्यासारखी हसली. मीही हसले. हवा दमट आहे, झाकण फुगलं असेल.

गुरुवार, १९ जून

आजही उठल्यावर तासभर मुठी वळल्या नाहीत. ब्रश दोन्ही हातांनी धरला, पाणी सोडून, दार लावून. दोष झाकणाचा नव्हता, हवेचाही नव्हता. कळत होतं मला.

पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं, पण तळहात सपाट होईना, लिंग कलंडायला लागलं. सावरता येईना. तेवढ्यात खालून एक तळहात आला – कोरडा, ऊबदार, सपाट. घट्ट लागून राहिला. पूजा होईपर्यंत अव्वाने नजर वर केली नाही. मग हळूच म्हणाली,

"किती सोमवार झालं, विद्या?"