विषम ओळी माझ्याकडे

रविवार, ९ नोव्हेंबर

चि. थोरलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मोरीचा नळ अखेर बदलून घेतला. गुडघा कुरकुर करतो, पण आमची दोघांची आता ओळख झाली आहे. तुझ्या आईच्या कुंडीतल्या गुलाबाला कळी आली. जावईबापूंचा खोकला कसा आहे?

पत्र पाहून दचकली असशील. पण कागदावर बाबांनी किती शाई खर्च केली हे तुझ्या फोनमध्ये दिसत नाही. म्हटलं, हेच बरं.

तू सगळ्या घराचा मिळून मोबाइलचा एक प्लॅन घेतलास तेव्हा मी खूश झालो होतो. खातं तुझ्या नावावर, बिल तू भरणार, मी नुसतं बोलायचं. आयतं ताट मिळालं की स्वारी खूश, असं तुझी आई म्हणाली असती. पण वाढणाऱ्याचं लक्ष वाटीवरही असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. गेल्या महिन्यात तू विचारलंस, "बाबा, रोज संध्याकाळी एकाच नंबरला व्हिडिओ कॉल, कोण आहे ते?" मी म्हटलं, शाळेतला मित्र. त्यावर तू म्हणालीस की हल्ली म्हाताऱ्या माणसांना असेच मित्र भेटतात आणि मग बँक रिकामी होते. तुझी काळजी खोटी होती असं मी म्हणत नाही.

तर त्या मित्राविषयी.

चौथीला आम्हांला एक गुरुजी होते. ते स्वतः कविता रचायचे आणि फळ्यावर लिहायचे. त्या कुठल्या पुस्तकात आल्या नाहीत, येणारही नव्हत्या. डावीकडच्या बाकांनी विषम ओळी पाठ करायच्या, उजवीकडच्यांनी सम. दुसऱ्याची ओळ म्हटली की कान पिरगाळायचे. म्हणायचे, एकट्याला आली ती कविता नव्हे, बढाई. मग आम्ही चालीवर म्हणायला लागलो की कविता वर्गात या भिंतीवरून त्या भिंतीवर चेंडूसारखी जायची. त्या वर्गातलं ऊन अजून माझ्या डोळ्यांवर आहे.

तुला मांडीवर झोपवताना मी म्हणायचो, आठवतं? "वाट सरेना तरी चालतो, पायांखाली मऊ..." तू विचारायचीस, पुढे? मी सांगायचो, पुढची ओळ पलीकडच्या बाकावर राहिली. तुला वाटायचं बाबा थट्टा करतात.

मागच्या वर्षी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं: "सावलीस या विचारतो मी, पुढे कुठवर जाऊ." मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गुरुजी वर्गात आल्यासारखा.

तेव्हापासून आम्ही कविता जुळवतो आहोत. ती दुसऱ्या गावात राहते. हो, ती. लिहिता लिहिता सुटलंच आहे तर राहू दे. तिला ऐकू कमी येतं, समोरच्याचे ओठ पाहून कळतं, म्हणून व्हिडिओ. रोज थोडंच कविता होते? ती तिकडे शेंगा सोलते, मी इकडे इस्त्री करतो, फोन भिंतीला टेकवलेला. कुणी काही बोलत नाही. मला प्रामाणिकपणे वाटायचं की गप्प बसायला डेटा लागत नसणार. तिलाही तसंच वाटायचं. दोघेही गणितात कच्चे.

शेवटच्या कडव्यातली माझी ओळ मला येत होती, तिची मात्र तिला आठवेना. म्हणायची, मागे लागू नकोस, येईल तेव्हा येईल. आणि गेल्या सोमवारी शेंगा सोलता सोलता तिने वर्गात करतात तसा हात वर केला. ओठ उघडले. आणि चित्र थिजलं.

मला वाटलं नेटवर्क गेलं. मी फोन घेऊन खिडकीत गेलो, स्टुलावर चढलो, या वयात.

सकाळी मोबाइलचं दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. काउंटरवरच्या मुलीने फोन पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, डेटा संपला नाहीये. थांबवलाय. तुमच्या नंबरवर मर्यादा घातलीय."

"कुणी?"

"ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांनी."

तू मला सांगायला हवं होतंस. एवढंच. मला रागवली असतीस, भांडली असतीस तरी चाललं असतं. मी तुला कधी न सांगता दिवा मालवला नाही. तुला अंधाराची भीती वाटायची, तर आधी विचारायचो, मालवू का?

मी तिथेच माझ्या नावावर नवं कार्ड घेतलं. त्या मुलीने शांतपणे सगळं शिकवलं: रोजचा वापर कुठे दिसतो, पट्टी लाल कधी होते, चित्र थोडं धुरकट ठेवलं की गप्प संध्याकाळी किती स्वस्त पडतात. पहिला कॉल काउंटरवरूनच लावला. पलीकडून मला पाहताच ती म्हणाली, "मेलास वाटलं. आता सम ओळी घेऊन मी कुणाकडे जाऊ?" बराच वेळ बोलत होती आणि त्यातलं पुष्कळसं छापण्याजोगं नव्हतं. मग तिने ओळ म्हटली. दुकानातल्या मुलीने दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं.

आता मी सकाळी दात घासून झाले की स्वतःची पट्टी स्वतः पाहतो. बागेतल्या बाकावरच्या मंडळींनाही शिकवलं. निवृत्त पोस्टमास्तरांना कळलं की त्यांची क्रिकेटची मॅच दर वेळी ऐन रंगात का बंद पडते. त्यांच्या सूनबाईंचा तुला फोन आला असेलच, की तुमचे वडील आमच्या सासऱ्यांना बिघडवतात. बिघडवतो आहे. त्यांना निःसंकोच सांग.

आणि एक. पुढच्या महिन्यात ती इकडे राहायला येते आहे. तिच्या मुलाला तिने सांगितलं, मी तुला सांगतो आहे. मी परवानगी मागत नाही, कळवतो आहे. तुझ्या आईचा फोटो जिथे आहे तिथेच राहील. येणारीने स्वतःच तशी अट घातली आहे. लोक हसतील. चौथीतही हसायचे.

जुनं कार्ड या पाकिटात घातलं आहे. त्यावरची मर्यादा आता खुशाल राहू दे.

शेवटची ओळ इथे लिहीत नाही. ती माझी नाही, आणि दुसऱ्याची ओळ म्हटली तर कान अजून दुखतो. तुला ती लहानपणापासून हवी होती, तर ये. अर्धी मी म्हणेन, अर्धी ती म्हणेल. तू मध्ये बस.

नवा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. बाबांचा किती वापर झाला आणि किती शिल्लक राहिला, हे पाहावंसं वाटलं तर फोन करून विचार. मी खरं सांगेन.

तुझा, आता स्वतःच्या नावावर असलेला,
बाबा