वारुळाची माती

चिवारे, बिकिता
९ एप्रिल

प्रिय शुवाइ,

तू बरी असलीस तर मीही बरी.

तुझा निरोप पोचला. अठ्ठावीस तारखेच्या शेतदिनाला साहेबलोक तीन गाड्या भरून येणार, हे कळल्यापासून गावप्रमुखाच्या बायकोला घरात चैन नाही. साहेबांपुढे नाचणाऱ्या बायका तिने आतापासून निवडून ठेवल्या आहेत आणि मला मागच्या रांगेत टाकलं आहे, गुडघ्यांकडे बघून. भुईमूग निघाला, यंदा दाणा भरलाय. काळ्या गाईला कालवड झाली. तुझ्यासाठी वाळवलेली भाजी आणि मोपानीच्या झाडावरच्या भाजलेल्या अळ्या बांधून ठेवल्या आहेत. मागल्या वेळेसारख्या ऑफिसात वाटत बसू नकोस, त्या तुझ्यासाठी आहेत.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू ‘ताई’ म्हणतेस आणि माझ्या पोटातलं सगळं पोटातच राहतं. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून कागद.

तुझा नव्या मक्याचा अहवाल पूर्ण झाला का? कुणाच्या हातात दिलास का? दिला नसशील, असं धरून चालते.

परवा शेजारच्या मै तेंदेकाइकडे गेले होते. तिच्या स्वयंपाकघरात चुलीवर धुरात टांगलेली ज्वारीची कणसं, तिच्या सासूच्या वेळचं बी, तिने खाली काढली होती. म्हणाली, “बस गं, दाणे मोकळे करायला हात लाव. बिअरसाठी भिजत घालतेय. आता हे कुणासाठी काळं करत ठेवू? तुझी बहीण सगळ्यांना मक्याचं बी देणार ना!” आणखी तीन घरांनी हेच केलं म्हणे. मी बसले आणि दाणे चोळू लागले. बेचाळीस घरांचं गाव आणि मी मुकाट्याने दाणे चोळत होते.

गुरं आली, उठते.

११ एप्रिल

दोन दिवस हा कागद पिठाच्या डब्याखाली पडून होता. आज मुसिंडोबाबा येऊन गेले म्हणून पुन्हा काढला.

तुला ठाऊकच आहे, आपल्या घराण्याचे साहविरा, मानाचे थट्टेकरी ते. आईच्या मयतात तिचंच फडकं डोक्याला बांधून, तिच्यासारखं नाक उडवत सुपाने पाखडत, रडणाऱ्यांना हसायला लावणारा माणूस. आपल्या घरातल्या कुणाचंही चारचौघांत काहीही काढायचा त्यांना हक्क आहे आणि तो त्यांनी कधी वाया घालवलेला नाही.

दारातच उभे राहिले. “नेत्साइ, माझ्या शेळ्यांशी बोलून आलो.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, बाबा, नेत्साइच्या बहिणीच्या मक्याच्या शेवटच्या पाच ओळी आम्ही खाल्ल्या, असं सरकारी कागदावर लिहिलंय म्हणे. पण आम्हाला काही चव आठवत नाही.”

मी हसले. ते हसले नाहीत. साहविरा हसत नाही तेव्हा काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. मी त्यांना ताक दिलं. ते प्यायले, वाटी पालथी घातली आणि म्हणाले, “शेतदिनाला मी सगळ्यांसमोर तुझी नक्कल करणार आहे. डोक्यावर टोपली, कमरेत वाकलेली, पहाटे चोरासारखी. मी पाहिलंय तुला. पण त्या पोरीला हे पहिल्यांदा माझ्याकडून कळलं, तर ती थट्टा होणार नाही, मार होईल. ते माझं काम नव्हे. तू लिही.”

तर लिहिते.

तू ऑक्टोबरात आलीस, आपल्या एका एकराचे दोन तुकडे दोरीने आखलेस. वर तुझा नवा मका, खाली आईची लाल ज्वारी. म्हणालीस, “ताई, दोन्हीकडे सारखंच. कुठेच काही घालायचं नाही. तरच खरं कळेल.” मी मान हलवली. तू बसमध्ये चढलीस आणि गावप्रमुखाची बायको पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, “ऑफिसातल्या बाईचा मका करपला की मग बघू, तोंड कुठे लपवते!” मला सहन झालं नाही. माझ्यावर काय बोलायचं ते बोल, पण तुझ्यावर?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कुदळ घेऊन मोठ्या वारुळाकडे गेले. आई न्यायची तसंच. जिथे पीक अशक्त तिथे ती वारुळाची माती टाकायची. अकरा पहाटा मी टोपल्या वाहिल्या, वरच्या तुकड्यात पसरल्या. तुझ्या मक्याखाली, शुवाइ. ज्वारीला मूठभरही नाही. शेवटच्या पाच ओळींपाशी पोचले तेव्हा कंबर गेली आणि पाऊस आला, म्हणून त्या तशाच राहिल्या.

जानेवारीत, ऐन पावसाळ्यात, चार आठवडे आभाळ कोरडं गेलं. वारुळाच्या मातीत ओल टिकली, मका हिरवागार राहिला. त्या पाच ओळी मात्र दहा दिवसांत वाळून गेल्या. त्यांत तुझं खरं उत्तर उभं होतं आणि मी ते उपटून गुरांना घातलं. तुला फोनवर सांगितलं, मुसिंडोबाबांच्या शेळ्या शिरल्या. तू लिहून घेतलंस. गावप्रमुखाने म्हाताऱ्याला बोलावून झापलं, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही.

मार्चमध्ये तू आलीस तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू चिखलाच्या बुटांनी मक्यात उभी होतीस, कणीस सोलून मला दाखवत होतीस आणि तुझे डोळे भरले होते. तिथूनच तू तुझ्या साहेबांना फोन लावलास. ते तोंड बघून मला बोलवेना. खालची ज्वारी तू नीट पाहिलीही नाहीस. वारुळाशिवाय, कशाशिवाय, ती त्याच उन्हात उभी होती. तिचं कणीस तुझ्या मक्यापुढे लहान, पण त्या पाच ओळींत एक दाणाही नव्हता. सगळ्यांकडे वारूळ नाही. सगळ्यांची कंबर माझ्यासारखी नाही. पुढच्या वर्षी ज्वारी सोडून सगळ्यांनी मका पेरला आणि जानेवारी कोरडा गेला, तर हे गाव खाणार काय? एवढं मला कळतं, तरी मी मै तेंदेकाइकडे दाणे चोळत बसले.

आता आणखी एक. मुसिंडोबाबांनाही हे ठाऊक नाही. लिहू नये असं वाटतं, पण अर्धं सांगून झोप लागायची नाही.

सातवीत तुझ्या भाजीच्या वाफ्याला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. गावच्या सभेत तू नेहमी सांगतेस, “त्या वाफ्यामुळे मी शेतकीकडे वळले.” मी टाळ्या वाजवते. त्या कोरड्या दिवसांत तू उठायच्या आधी मी ओढ्यावरून दोन डबे पाणी आणून त्या वाफ्याला घालत होते. रोज. तू लहानपणी फार आजारी असायचीस. आई म्हणायची, “हिला उन्हात एकटी उभी करू नकोस.” मी केलं नाही. कधीच केलं नाही. तू चाळिशीची झालीस, तुझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, हे माझ्या डोक्यात शिरतच नाही.

पण बी तू पेरलं होतंस. किडे तू वेचले होतेस. आणि ‘दोन्हीकडे सारखंच’ हे वाक्य तुझं आहे, ते मी तुला शिकवलेलं नाही. ते मला येतच नाही. तुझ्याबाबतीत तर मुळीच नाही.

साहेबांना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घाल, बहिणीने फसवलं म्हण. मी शेतदिनाला उभी राहून सांगेन. माझ्या कणगीत आईच्या ज्वारीचं बी आहे, चार घरांना पुरेल. उद्या पहिली वाटी मै तेंदेकाइकडे नेते. तिला खरं सांगते आणि तिच्या शिव्या खाते. मग मुसिंडोबाबांच्या शेळ्यांची माफी मागायला जाते. ते ती शेळ्यांसमोरच मागायला लावतील, बघ.

नकलेसाठी त्यांनी माझं कमरेचं जुनं फडकं आणि टोपली मागून घेतली आहे. फडकं धुऊन दिलं. ते वाकून चालू लागले की सगळं गाव हसेल. तूही हस. हसू आलं नाही, तर मागच्या रांगेत मी आहे, माझ्याकडे बघ.

रागाव. महिनाभर बोलू नकोस हवं तर. पण ये. ऑक्टोबरात पुन्हा दोरी आखू, पुन्हा दोन्ही पेरू. तुझा मका करपला तर करपू दे. मी बांधावर बसून बघेन. हात मांडीखाली दाबून बसावं लागेल, पण बसेन.

हे पत्र उद्याच्या मास्विंगो बसच्या ड्रायव्हरकडे देते. अळ्यांची पिशवीही त्याच्याकडेच देते, मोजून घे.

तू बरी असलीस तर मीही बरी. जन्मभर हे रीत म्हणून लिहिलं. आज तुझ्या उत्तराची वाट बघत लिहिते.

यापुढे तुला विचारल्याशिवाय तुझ्या वाफ्याला पाणी न घालणारी,
तुझी ताई
नेत्साइ