बारीक धार

प्रिय ताई,

अक्षरावरून ओळखलंच असशील. हे पत्र एका ओळखीच्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय, वाचून झालं की जाळून टाक. का ते सांगतो, जरा दम धर.

बेकरी सोडली, मग बोटी रंगवल्या, तेही सोडलं; तू मला भिंगरी म्हणतेस ते उगाच नाही. आता पाण्याच्या कंपनीत आहे. अख्ख्या शहराचं पाणी तिच्याच ताब्यात गेलंय ना, तीच. बूट मिळालेत, ताई, पुढे लोखंड असलेले! पहिल्या दिवशी त्यांच्याकडे बघत चाललो आणि खांबावर आपटलो. मुकादमाला हसून हसून ठसका लागला. बरं, बूट राहू देत.

आमच्याकडे एक पितळी चकती असते, शर्टाच्या बटणाएवढी, मधे सुईएवढं भोक. आम्ही तिला बटणच म्हणतो. घरात शिरायचं, मीटर उघडायचा, आत बटण बसवायचं, मीटर बंद. बाहेरून काही दिसत नाही. नळ चालूच, पण धार दोऱ्याएवढी. कंपनीच्या नव्या करारावर सही न करणारे, सभेत तिच्याविरुद्ध तोंड उघडणारे, त्यांच्या घरी हे बटण. त्यांना वाटतं पाईप तुंबला. मुकादम चहात बिस्किट बुडवत सांगतो, नळ तोडला तर लोक रस्त्यावर येतात, धार बारीक केली की नुसते दमतात.

परवा एका घरी म्हातारा बादलीजवळ स्टूल टाकून बसला होता. मला म्हणाला, बघ रे बाबा, तुला तरी कळतंय का काय झालंय. मी वाकून बघितल्यासारखं केलं. बटण मीच बसवलं होतं.

सभेतलं तुझं बोलणं इथवर पोचलंय. टपरीवर एक जण सांगत होता, ती सुईण म्हणाली म्हणे, मूल काही पाकीट घेऊन जन्माला येत नाही, पाण्यावर त्याचा हक्क आईच्या दुधाइतकाच. माझी छाती अशी फुगली की बोलून गेलो, ही माझी सख्खी बहीण. मुकादम मागेच उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात अजून तिथेच आहे असं वाटतं.

आमच्यातल्या एकाने बटण बसवायला नकार दिला, तर त्याच्या पिशवीत कंपनीचे नळ सापडले. कुणी ठेवले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो कोठडीत आहे, बायको चौकीबाहेर बसून असते. तेव्हापासून रोज निघताना मी माझी पिशवी उलटी करून बघतो.

ताई, सोमवारी आम्ही बटण घेऊन तुझ्याकडे येतोय. मला पुढे करणार, कारण भावाला तू दार उघडशीलच. मुकादमापेक्षा मला माझीच भीती वाटते. तो मागे उभा असला की मी हसेन, म्हणेन, अगं, नुसता मीटर बदलायचाय, सरक जरा. तेव्हा माझं ऐकू नकोस. आत बाळंतीण असेल, तिच्या चादरी, तुझे हात, न्हाऊ घालायचं बाळ, हे सगळं दोऱ्याएवढ्या धारेवर कसं निभावशील? गल्लीतल्या बायकांना दाराशी बसव. मी चिडलो, रडलो, आईची शपथ घातली, तरी मला उंबरा ओलांडू देऊ नकोस.

तुझाच,
भिंगरी