तीन हात वार्निश

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामीला मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी म्हणते बरा आहे, तुम्ही म्हणता नाही. मी नेहमीप्रमाणे मामीवर विश्वास ठेवून पुढे लिहितो. इकडे सगळं ठीक. तुमची भाचेसून मजेत आहे (मी हल्ली ऑफिसातच जास्त असतो, हे त्याचं कारण असू शकेल) आणि धाकटीला पुढचे दोन दात आले, ते ती सगळ्यांवर वापरून बघते. फोनवर तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता आणि ठेवल्यावर मामीला विचारता, कोण होता? म्हणून म्हटलं, सविस्तर पत्रच लिहावं.

तर कंपनीला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून जुन्या पॅकिंग खात्याच्या खोलीत कंपनीच्या इतिहासाचं दालन उभारायचं ठरलं. प्रसिद्धी खात्यात सगळ्यात कमी काम कोण करतो याचा शोध झाला आणि ते माझ्या गळ्यात पडलं. अट एकच. थोरल्या साहेबांना आवडलं तर दालन कायमचं. नाही आवडलं तर तिथे हिशेब खात्याची कपाटं येणार. हिशेब खात्याचे प्रमुख (भलताच उतावळा माणूस) टेप घेऊन भिंती मोजूनसुद्धा गेले होते.

आता इतिहास तुम्हाला मी काय सांगू, तुम्ही तो पिंपात ढवळलाय. आधी साबण. साबण झाला की ग्लिसरीन उरायचं, ते फेकायला जीव होईना म्हणून औषधवाल्यांना विकलं. मग डांबर आणून त्याच्या डांबरगोळ्या केल्या. त्यातून उरलं त्याचे रंग केले, रंगातून जे उरलं ते काय होतं कुणास ठाऊक, पण झुरळं मरायची. मग खत, मग प्लॅस्टिकचे दाणे, आणि आता एक द्रावण, इतकं शुद्ध की बाटली रिकामीच वाटते. (मी रिकामीच ठेवली आहे. अजून कुणी ओळखलेलं नाही.) थोडक्यात काय, उरलेल्याचं काय करायचं या एका प्रश्नावर कंपनी इतकी वर्षं चालली. आमच्या स्वयंपाकघरात रविवारी हेच चालतं, पण त्याला इतिहास म्हटलेलं तुमच्या भाचेसुनेला खपत नाही.

पण मामा, कंपनीने छापलेल्या इतिहासात तुमचं वार्निश खातं नाहीच! रंग, झुरळांचं औषध आणि मग एकदम खत! मला असा राग आला म्हणून सांगू. तुम्ही उभा जन्म त्या कढईपुढे काढलात, मामीने तुमच्या शर्टांचा जवसाच्या तेलाचा वास सोसला, आणि या लोकांना एक ओळ जड झाली. म्हटलं, काही होवो, मामांचं वार्निश या दालनात असणारच. जुना डबा शोधून मिळेना. मग गेल्या खेपेला तुम्ही सांगितलेली कृती आठवली, प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हातापाया पडलो आणि नवीन वार्निश करून घेतलं. ते लावलं थोरल्या साहेबांसाठी ठेवलेल्या लाकडी खुर्चीला. तुम्ही म्हणाला होतात, एकच पातळ हात आणि भरपूर ऊन. मी तीन जाड हात दिले. अहो, प्रेमापोटी दिले! आणि ऊन म्हणाल, तर त्या खोलीला खिडकीच नाही, म्हणून दिवा लावून ठेवला.

साहेब आले, "वा, काय चकाकी आहे!" म्हणाले आणि बसले. दोन शब्द बोलून ते उठणार असं ठरलं होतं. दोन शब्द बोलले, उठले नाहीत. आम्हाला वाटलं, रमले. मग खतवाले बोलले, प्लॅस्टिकवाले बोलले, ज्यांच्या हातात जन्मात कुणी माइक दिला नव्हता ते गोदामवाले तर थांबेचनात. भिंतीवरचा सगळा मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला. साहेब जागचे हलत नाहीत म्हटल्यावर हिशेबवाल्यांचं तोंड उतरत चाललं, आणि मी आतल्या आत नाचत होतो. शेवटी साहेबांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "अरे, मला उठता येत नाहीये."

मामा, पायाखालची जमीन सरकली! दालन गेलं, तुमचं वार्निश गेलं, आणि बहुतेक मीही गेलो. दोघांनी धरून उठवलं, तर खुर्ची बरोबर आली. आणि मग साहेब जे हसायला लागले! म्हणाले, "लोक म्हणतात मी खुर्ची सोडत नाही. आता बघा, कोण कुणाला सोडत नाही ते." मग डोळे पुसत विचारलं, इतकं पक्कं वार्निश आपण बंद का केलं? उत्पादनवाले चाचरत म्हणाले, "वाळत नव्हतं, साहेब." मला राहवेना. मी तिथल्या तिथे सांगितलं, एकच हात दिला की मस्त वाळतं, चूक मामांची नाही, भाच्याची आहे. सुताराने बैठकीची फळी सोडवली, साहेब फळीसकट गाडीत बसले (जरा तिरके) आणि काच खाली करून म्हणाले, "दालन राहू दे. आणि सांभाळायला याला इथेच बसवा."

फळी परत आली आहे, पँटच्या कापडासकट. ती काचेच्या पेटीत ठेवली आहे, खाली वार्निशची माहिती, आणि बनवणारे म्हणून तुमचं पूर्ण नाव, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. येणारा प्रत्येक जण ते वाचतो. मला फार फार आनंद झाला आहे. मामीला घेऊन लवकर या.

तुमचा लाडका (असं मीच समजतो) भाचा

ता. क. : मामीला म्हणावं, दालनात तोच जुना वास येतो. तेवढ्यासाठी येणं टाळू नये.

ता. क. २ : मुद्द्याचं राहिलंच. ते वार्निश अंगावरून सुटतं कशाने? दालनाचा सांभाळ माझ्याकडे आल्याच्या आनंदात मी माझ्याही खुर्चीला लावलं. या वेळी दोनच हात दिले होते, आणि वाळलंय असं वाटलं होतं. फोन पलीकडच्या टेबलावर आहे, हाताशी फक्त कागद आणि पेन. शिपाई डोकावला की पत्र त्याच्याकडे देईन. मी उठत का नाही, हे मात्र त्याला सांगणार नाही. गुडघा सांभाळून सावकाश उत्तर लिहा. मी इथेच आहे.