तुमचे घड्याळ पुढे आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

मोरिवलीच्या सेवा केंद्रात आजपासून रुजू! केंद्र म्हणजे एक गाळा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मालक हरिचंद्रकाका, ज्यांना माउस धरायचाही कंटाळा. माझ्या आधीची पद्मजा गेल्या नोव्हेंबरात अचानक सोडून गेली म्हणे. मी बदलापूरहून पेढे नेले होते, मशीनला हारही घातला. हा पेन्शनवाल्यांचा महिना. यंत्रावर अंगठा ठेवायचा आणि आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला घ्यायचा. आप्पांचाही करायचा आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. म्हणाले, हर्षदा, तुझ्या हाताला यश आहे, तुझ्याकडूनच करीन.

४ नोव्हेंबर

हयातीचं पहिलं काम कोंडाजीबाबांचं. "मेलो नाय अजून, लिव पोरी," म्हणत त्यांनी अंगठा टेकवला आणि पान काही उघडेना. ब्राउझर बंद करून उघडला, साठलेला कचरा साफ केला, केबल काढून पुन्हा खोचली. पडद्यावर एकच ओळ: 'तुमचे घड्याळ पुढे आहे.' कोपऱ्यात पाहिलं तर तारीख २१ मार्च २०२९! मशीनची तारीख चुकली की पानं उघडत नाहीत, एवढं मला कळतं. तारीख आजची केली, पान झटक्यात उघडलं. बाबा खूश, मी त्याहून खूश. मग छान अक्षरात कागद लिहून मॉनिटरवर डकवला: 'पान उघडत नसेल तर तारीख आजची करा.' कुठे दाबायचं तेही एक-दोन-तीन करून लिहिलं. काका म्हणाले, आता मलाही जमेल.

६ नोव्हेंबर

बनूबाई आल्या. त्यांचा अंगठा टेकताच पुन्हा तेच, पण तारीख वेगळी: ९ जून २०३४. मी आजची केली, दाखला निघाला. जाताना त्यांनी सांगितलं, कोंडाजीबाबा गेले. परवाच, संध्याकाळी, चहा पिता पिता. म्हणजे दाखला काढला त्याच दिवशी. वाईट वाटलं फार.

७ नोव्हेंबर

मशीनमधल्या घड्याळाचा सेल संपला असणार म्हणून सकाळी तो काढून उल्हासनगरला नेला. दुकानदाराने मोजून परत हातात दिला. "सेल तो एकदम टकाटक है, बेटा."

दुपारी बनूबाईंचा मुलगा आला. काल दिवेलागणीला गेल्या. काही दुखलंखुपलं नव्हतं. दाखल्याचं आता काय करायचं, विचारत होता.

मी वही काढून दोन्ही दाखल्यांच्या तारखा पाहिल्या.

८ नोव्हेंबर

पद्मजाचा नंबर शोधून फोन केला. तिने आधी एकच विचारलं, तारीख बदललीस का?

मग सांगितलं. अंगठा ठेवला की दिसते ती त्या माणसाची तारीख. शेवटची. ती आजची केली की आजची होते. तीही एकदा चुकली होती. नंतर सर्व्हर बंद आहे सांगून सगळ्यांना दुसऱ्या केंद्रात पाठवायची.

म्हणजे बाबांची तीन वर्षं. बनूबाईंची साडेआठ. मी. माझ्या या हातांनी.

काकांना फोन केला. मशीन बिघडलंय, हात लावू नका. ते हसले. आप्पांना म्हटलं, दाखल्याची घाई नको. का, विचारत राहिले. काय सांगणार?

१० नोव्हेंबर, सोमवार

गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. मी नाही तर मशीन चालवणार कोण? काकांना तर माउससुद्धा —

दुपारी चार

आप्पा सकाळी फिरायला म्हणून गेले ते आत्ता आले. केंद्रात गेले होते. तुला बरं नाही, तर म्हटलं आपणच उरकून टाकू.

काकांनी करून दिलं. पान उघडत नव्हतं. तो कागद —

कागद काढायचा राहिला. माझाच कागद.

तारीख काय होती, विचारलं. हसत म्हणाले, कायतरी २०४१. हरिचंद्राने तुझं वाचून केली बरोबर. किती सुंदर अक्षर आहे तुझं.

पाच वाजून दहा

पद्मजा फोन उचलत नाही. काकांना सांगितलं, तारीख परत २०४१ करा. केली. पान उघडत नाही म्हणतात. फक्त ती ओळ. पुन्हा करा म्हटलं, पुन्हा —

सहा

डॉक्टर तपासून गेले. सगळं ठीक आहे म्हणाले. आप्पा खुर्चीत बसून माझ्याकडे बघतायत. रडतेस का, विचारतायत. शेजारी कुणीतरी दिवा लावला.

चहा मागतायत. मी नाही देणार. नाही म्हटलं तर स्वतःच उठले, गॅस पेटव