घरात चोर शिरला आहे, लवकर या

नंदनवन, नागपूर
गुरुवार, नवतपाचा चौथा दिवस

तीर्थस्वरूप गणपतराव भाऊजी यांच्या चरणी कामिनीचा नमस्कार. डोक्यावरून पदर घेऊन लिहिते आहे. (कूलरसमोर बसल्यामुळे तो दर ओळीला उडतो आणि मी दर ओळीला परत घेते. तेव्हा अक्षर वाकडं आलं तर दोष मर्यादेचा समजावा.) तुमची प्रकृती कशी आहे? बीपीची गोळी वेळेवर घेता ना? उजव्या तळव्याला मोठा फोड आल्याचं जाऊबाईंकडून कळलं. त्यावर टूथपेस्ट थापू नका, खोबरेल लावा, आणि असल्या उन्हात अनवाणी चालू नका, एवढी धाकटेपणाची विनंती.

आता कामाचं. जाऊबाईंच्या फोनवरून तुमचा निरोप पोचला, की रविवारी टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेव, घराला भाडेकरू पाहिला आहे, आणि पुढचं आयुष्य मी गावी तुमच्या छायेत काढावं. निरोप मिळाला. मी येत नाही. एवढंच लिहून पाकीट चिकटवता आलं असतं, पण लग्नाला चौतीस वर्षं झाली आणि तुमच्याशी मी एक शब्द थेट बोललेली नाही, त्यामुळे पुष्कळ साठलं आहे. तुम्ही यायचे, फाटकाशी उभं राहून खाकरायचे, मी पाण्याचा तांब्या बैठकीच्या दाराशी ठेवून आत पळायचे, आणि मग तुम्ही समोरच्या भिंतीकडे पाहून म्हणायचे, ‘‘तिले म्हना, चहात साखर कमी टाक.’’ भिंतीनं मला कधी काही सांगितलं नाही, पण साखर मी कमीच टाकली. भासऱ्यांशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, ही रीत मी मोडली नाही आणि आजही मोडत नाही. लिहायचं नाही, असं कोणी सांगितलेलं नव्हतं.

यांच्या तेरवीला (येत्या श्रावणात दोन वर्षं होतील) तुम्ही मांडवाच्या खांबाला विचारलं होतं, ‘‘एकटी बाई नागपुरात राहीन कशी? काही झालं त लोक मलेच विचारतीन.’’ खांब गप्प राहिला, म्हणून मी जाऊबाईंच्या कानात सांगितलं की राहीन. तेव्हा तुम्ही अट घातली, की एकदा जरी भानगड झाली तर बोऱ्याबिस्तर गावाकडे. ती अट मी मान्य केली आणि आजवर पाळली, म्हणजे भानगड होऊ दिली नाही. पण दर सणाला तुमच्याकडून तोच निरोप यायला लागला, तेव्हा या चैत्रात मी स्वतःच्या मनानं घराला चोर पकडायचा अलार्म बसवून घेतला. यंत्राला मी घाबरत नाही. मुलींच्या शाळेतल्या सायन्सच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं मदतनीस होते, विजेचे प्रयोग मांडून देणं आणि मॅडमनी बिघडवलेले परत लावणं हेच माझं काम होतं. (मॅडम फळ्यावर सिद्धांत लिहायच्या. बल्ब मी पेटवायचे.)

बसवायला जितेंद्र नावाचे चाळिशीचे गृहस्थ आले. त्यांनी बैठकीत आकड्यांची पेटी लावली, बाहेर भोंगा लावला, दाराखिडक्यांना लोहचुंबकाच्या पट्ट्या लावल्या आणि कोपऱ्यात हालचाल ओळखणारा एक डोळा बसवला. मग म्हणाले, भोंगा वाजला की पेटी आपोआप एका नंबरला फोन करते, कोणाचा टाकू? तो तुमचाच टाकायचा, अशी तुमची आज्ञा जाऊबाईंमार्फत आधीच आलेली होती. शिवाय घरमालकिणीनं स्वतःच्या आवाजात एक वाक्य भरून ठेवायचं असतं. मी भरलं, ‘घरात चोर शिरला आहे, लवकर या.’ चौतीस वर्षांनी माझ्या तोंडून तुमच्या कानी पडलेलं पहिलं वाक्य ते हे. त्याबद्दल मात्र मी मनापासून क्षमा मागते. मला पहिल्यांदा काहीतरी बरं बोलायचं होतं.

पहिली कटकट कूलरनं केली. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला खिडकीचं एक दार उतरवायचं, तिथं कूलर बसवायचा आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्याला हलवायचं नाही, हे नागपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यंत्राला ठाऊक नव्हतं. पेटीतली बाई सकाळपासून हिंदीत एकच घोकत बसली, ‘खिडकी खुली है.’ मी जितेंद्रना फोन केला, तर म्हणाले, ‘‘म्याडम, खिडकी बंद करून घ्या न.’’ मे महिन्यात! मी विचारलं, तुमचा कूलर कुठं आहे? तर हळूच म्हणाले, ‘‘खिडकीतच आहे जी.’’ शेवटी ते आले आणि चुंबकाच्या दोन्ही पट्ट्या एकमेकींना चिकटवून वर टेप गुंडाळून गेले. आता यंत्राच्या मते ती खिडकी कायमची बंद आहे. चोर आला तर त्यालाही तसं वाटो, एवढी प्रार्थना करून मी पुढच्या बिघाडाकडे वळले.

पुढचा बिघाड डोळ्याचा. पुस्तकात लिहिलं होतं की माणसाचं अंग खोलीपेक्षा गरम असतं, त्यावरून हा डोळा माणूस ओळखतो. ज्यानं हे लिहिलं त्यानं आमची पश्चिमेकडची भिंत दुपारी तीनला पाहिलेली नाही. पंचेचाळीस अंशांत माणूसच भिंतीपेक्षा गार. मी त्या डोळ्यासमोरून चालले, धावले, शेवटी (दार लावून घेऊन) फुगडीची एक गिरकी घेतली, पण त्याला मी दिसेचना. मग फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढून समोरून नेला, तर पहिल्या पावलाला भोंगा. म्हणजे बारा ते चार या वेळात चोरानं बर्फ घेऊन यावं, तरच तो सापडणार. उलट कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं आणि गरम झोत सुरू झाला, की खोलीत कोणी नसतानाही भोंगा ठरलेला. मी बाजारात असले तर समोरची कौशल्या येऊन बंद करायची. तिला पेटीचा गुप्त आकडा द्यावा लागला, ती माहेरी गेली तेव्हा तिनं तो शेजारी दिला, आणि आज आमच्या गल्लीतल्या अकरा घरांना तो पाठ आहे. मला अधूनमधून विचारून घ्यावा लागतो.

या सगळ्यात तुम्हाला एकोणीस फोन गेले. (मी वहीत तारीखवार लिहून ठेवले आहेत, लॅबची सवय.) पहिला तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसला असताना गेला, सहावा तहसीलमध्ये, अकरावा विहिरीवर मोटार उतरवताना. जाऊबाई सांगत होत्या की पहिल्या खेपेला तुम्ही हातातली बुंदी खाली टाकून फोनमध्ये ओरडलात, ‘‘अवं, पन कोन शिरला?’’ आणि त्यावर मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. भाऊजी, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा भिंत मध्ये न घेता माझ्याशी बोललात आणि मी नेमकी रेकॉर्ड होते! मग सगळ्या गावात झालं की कामिनीच्या घरी दिवसाआड चोर शिरून राहिले. कोणी विचारलं नाही, की शिरतात तर नेतात काय.

आणि परवा मंगळवारी भर दुपारी दोन वाजता भोंगा विसाव्यांदा वाजला. या खेपेला माणूस खरा होता. कौशल्येनं तिच्या गच्चीवरून सगळं पाहिलं. चेहऱ्याभोवती पांढरा दुपट्टा, नुसते डोळे उघडे (त्यावरून कोणाला चोर म्हणता येत नाही, नवतपाच्या नऊ दिवसांच्या उन्हात अख्खं नागपूर तसंच फिरतं). तो इसम फाटकाशी आला आणि खाकरला. थांबला. परत खाकरला. पाव तास तो तिथं उन्हात खाकरत उभा होता आणि बेलचं बटण त्याच्या नाकापासून वीतभर लांब होतं. कौशल्येला वाटलं, बिचाऱ्याची छाती भरली आहे. मला काही ऐकू आलं नाही, कारण आमच्या कूलरच्या घरघरीत माझी मलाच शिवी ऐकू येत नाही. मग तो इसम वळसा घालून मागच्या बोळात गेला आणि भिंतीवर चढला. एक पाय आत, एक पाय बाहेर, अशा अवस्थेत असतानाच भोंगा कडाडला. त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोनही वाजला. योगायोग पाहा. त्या अवघड जागी बसून त्यानं फोन काढला, कानाला लावला, पलीकडून माझं वाक्य ऐकलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, ‘‘अवं, मीच आहो!’’

इतक्या प्रामाणिक चोराबद्दल आमच्या गल्लीला फार कौतुक वाटलं. पण तो उलट्या बाजूला उडी मारून गेला, डाव्या-उजव्याचा विचार न करता, आणि एक चप्पल माझ्या तुळशीपाशी राहिली. कौशल्या पापडाचं लाटणं घेऊन बोळाच्या टोकापर्यंत धावली. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला की तुम्ही एसटीतून एका पायात चप्पल घालून उतरलात आणि कोणाशी बोलत नाही आहात. मग मी कौशल्येला सांगितलं की चोर काही सापडायचा नाही.

भाऊजी, तुमचं नाव मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण तुम्ही का आलात ते मला कळलं आहे. रविवारआधी एकदा येऊन पाहावं, बाई एकटी कशी राहते, कोणीही कसा आत शिरतो, आणि चारचौघांत सांगावं. तर आता सांगा. सांगा की मी शिरू शकलो नाही. पाच मिनिटांत अकरा घरं बाहेर आली, ती पेटीतल्या बाईसाठी नाही, माझ्यासाठी आली. गावी माझी काळजी घेणारी माणसं आहेत हे मला मान्य आहे. पण हे गेल्यावर पहिले सहा महिने मी या घरात मनसोक्त रडले, आणि गावी रडायलासुद्धा चार बायका ताल धरायला बसतात. इथं मी रडले, मग डोळे पुसून गॅसची टाकी बदलली, नळाचा वायसर बदलला, आणि एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतं आहे. ते बरं वाटणं मी टेम्पोत भरणार नाही. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर तो आता गिळून झाला आहे, परत काढता येत नाही.

मुलाबाळांना आशीर्वाद. तुमची चप्पल धुऊन, उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात बांधून ठेवली आहे.

तुमची आज्ञाधारक (रविवार सोडून),
कामिनी

ता. क. भाडेकरूला नाही म्हणून कळवा. टेम्पो ठरवलाच असेल तर रिकामा फिरवू नका, जाऊबाईंना त्यात बसवून पाठवा. इथं आठ दिवस राहायचं त्यांनी ठरवलं आहे. मला त्यांनी सांगितलं, तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून मी लिहिते आहे. लग्न होऊन आल्यापासून त्या एकदाही स्वतःच्या मनानं कुठं राहिलेल्या नाहीत. आठाचे पंधरा झाले तर निरोप पाठवू.

आणखी एक ता. क. वरच्या पत्रात एक खोटं राहिलं आहे. न पाहिलेलं निरीक्षण प्रयोगवहीत उतरवणाऱ्या मुलींना आमच्याकडे अख्खं पान परत लिहावं लागायचं, म्हणून माझंही दुरुस्त करते. मंगळवारी यंत्रानं तुम्हाला पकडलं नाही. सोमवारपासून ते माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडून पडलं आहे, डोळा एकीकडे, भोंगा दुसरीकडे. तुम्ही फाटकाशी आलात तेव्हाच मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुम्हाला पाहिलं, चालीवरून ओळखलं, आणि खाकरणंही सगळं ऐकलं. तुम्हाला पाणी दे म्हणून गच्चीवरच्या कौशल्येला खुणावलंही, पण तिला ते कळलं नाही. बेल वाजवता का, म्हणून वाट पाहत राहिले. तुम्ही मागं वळलात, भिंतीवर पाय टाकलात, तेव्हा मी टेबलावरच्या दोन वायरी हातात घेतल्या आणि एकमेकींना टेकवल्या. फोन कोणाला लागणार ते मला ठाऊक होतं. यंत्र अजून तसंच उघडं पडलं आहे, भाऊजी, आणि ते दुरुस्त करायची मला काही घाई नाही.