काचहोडीखालची बाई

३ डिसेंबर

पोहोचले एकदाची! बेट एवढंसं आहे की जेवणानंतर पाय मोकळे करायला निघालं, तर अख्खं बेट पालथं घालून परत येता येतं. माझी खोली रिसॉर्टच्या भटारखान्यामागे. खिडकीतून अर्धा समुद्र दिसतो आणि अर्धी पाण्याची टाकी. काम पाहुण्यांना हिंडवायचं. सकाळी काचहोडी, म्हणजे तळाला जाड काच बसवलेली होडी. बसल्या जागी प्रवाळ आणि मासे दिसतात. मग तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घालून स्नॉर्केलिंग, दुपारी कयाक, उन्हं उतरली की वाळूच्या दांड्यावर चहा. आधीच्या ऑफिसातल्या फायलींपुढे हा स्वर्गच. धाकट्या बहिणीला लगेच कळवलं, रजा टाक आणि ये.

६ डिसेंबर

आज एक नवं जोडपं कयाकमध्ये गोल गोल फिरत राहिलं. वल्हं दोघांच्या हातात, चूक मात्र समोरच्याची. हसून हसून पोट दुखलं.

काचहोडी हाकणारे काका अबोल आहेत. मी माहिती सांगते तेव्हा सगळे काचेवर वाकतात. काका मान ताठ ठेवून लांब बघत बसतात. रोज तेच बघून कंटाळले असतील बिचारे.

९ डिसेंबर

स्नॉर्केलिंग करून वर आलेल्या एका आजोबांनी माझं कौतुक केलं. पाण्यात फार छान समजावून सांगितलंत म्हणाले. मी तर होडीतून उतरलेच नव्हते. पाण्याखाली कुणी बोलतं का, म्हणून मी हसले. तेवढ्यात त्यांची नात म्हणाली की ती बाई लाल शर्टातली होती, हात धरून लांब नेत होती. आजोबांनी मागे ओढलं म्हणून नात परत आली.

आमचा गणवेश निळा आहे.

१० डिसेंबर

काकांच्या खनपटीलाच बसले, तेव्हा बोलले. माझ्याआधी इथे एक गाईड होती. भरकटलेल्या पाहुणीला आणायला उतरली. पाहुणी सापडली, ती नाही. तेव्हा गणवेश लाल होता, नंतर बदलला.

"वाईट नव्हती हो ती," काका म्हणाले. "पण तिची फेरी संपलेली नाही, बाई. तिला पाहुणे लागतात."

मॅनेजरसाहेबांकडे गेले. ऐन सीझनमध्ये असलं काही बोलू नका म्हणाले. धाकटीला येऊ नको सांगायला फोन लावला. बंद. ती निघाली होती.

१२ डिसेंबर

धाकटी आली. पाण्यात उतरणार नाहीस अशी शपथ घातली, तर फुगून बसली. मी कयाकवाल्यांबरोबर अडकले होते, तेव्हा दुसऱ्या गटाबरोबर गेलीच. केस पुसत आली, डोळे नुसते लकाकत होते.

"ताई, उगाच घाबरवतेस. खालची बाई कित्ती मायेनं दाखवते सगळं. उरलेलं उद्या म्हणाली."

रागवायचं होतं. त्याऐवजी तिला खोलीत ओढलं. दाराला कुलूप लावलंय, किल्ली माझ्यापाशी.

१३ डिसेंबर

आंघोळीला गेले तेवढ्यात — खिडकी उघडी. किनाऱ्यावर तिच्या चपला. शेजारी शेजारी, नीट. ती कधीच नीट ठेवत नाही.

काकांनी काचहोडी प्रवाळावर आणून नांगर टाकला. छोट्या होडीनं पाणबुड्यांना आणायला गेलेत. काचेकडे बघू नका, बजावून गेलेत. म्हणून वहीत तोंड घालून लिहितेय. नाहीतर नजर —

बघितलं.

आहे ती. तळाशी उभी आहे. मासे तिच्या केसांतून जातायत. शेजारी लाल शर्ट. धाकटी मला बोट दाखवून तिला काहीतरी सांगतेय. हसतेय.

तोंडातून बुडबुडे येत नाहीयेत.

काका दिसत नाहीत अजून. ऊन लख्ख आहे, सगळं स्पष्ट —

तिनं वर हात केलाय. ताई म्हणतेय. ऐकू येतंय मला. काचेतून, लाकडातून. ताई, हात दे.

खरं नाही हे. कळतंय मला. पण माझी धाकटी आहे ती. फक्त हात सोडते पाण्यात. धरलान तर ओढून घेईन वर, नाही धरलान तर —

डावा हात सोडलाय. पाणी कोमट आहे.

बोटं लागली. धरलं. घट्ट धरलंय —

धाकटी तर अजून तळाशीच उभी आहे. दोन्ही हात मागे. शेजारी लाल शर्ट नाही. मग हा हात